रिठ्याचं पाणी

इरकल धुणं हे घरातलं सगळ्यात अवघड धुणं. अंग सुती, पदर रेशमाचा. विणकरानं दोन्हींचे ताणे फासात फास अडकवून असे जोडलेले असतात की नेसणारीला ते एकच लुगडं. पाण्याला मात्र ती दोन कापडं आहेत. दिवसभर घामानं भिजलेल्या अंगाला साबण हवा, चोळणं हवं. पदराला यातलं काहीच मानवत नाही आणि त्याचा लाल रंग तर अंगावर उतरायला टपलेलाच असतो. म्हणून आमच्याकडे नवं इरकल पहिल्यांदा धुताना पदराची गुंडाळी बादलीच्या बाहेर ठेवायची रीत होती. आधी अंग धुऊन घ्यायचं, मग पदर नुसत्या गार पाण्यातून झटकन काढायचा, आणि वलणीवर टाकताना पदर खाली सोडायचा, म्हणजे रंगाचा ओघळ आला तरी तो जमिनीवर जाई.

एका लुगड्यात दोन धुणी का, याचं उत्तर मला पुष्कळ उशिरा, शाळेतल्या रसायनशास्त्रानं दिलं. कापूस, जवस, ताग ही झाडाची देणगी. त्यांचा धागा सेल्युलोजचा. (महागड्या लिननचा शर्ट ज्या जवसाच्या खोडातून येतो, त्याच जवसाची विदर्भात चटणी होते, हे आठवलं की मला तो शर्ट एकदम घरचा वाटतो.) रेशीम आणि लोकर जिवंत प्राण्याकडून येतात. त्यांचा धागा प्रथिनांचा, म्हणजे आपल्या केसांच्या नात्यातला. झाडाचं कापड खार सहन करतं, आंबटाला भितं. प्राण्याचं कापड नेमकं उलट. परटाच्या भट्टीत धुण्याच्या सोड्याबरोबर वाफवलेलं धोतर पांढरंशुभ्र होऊन बाहेर पडायचं; त्याच भट्टीत रेशीम गेलं असतं तर त्याची चमक आणि जीव दोन्ही गेले असते.

नदीवरच्या धोंड्यावर कपडे आपटण्यामागेही हेच आहे. ओला कापूस कोरड्या कापसापेक्षा मजबूत असतो. पिढ्यान् पिढ्या बायकांनी सुती लुगडी आपटून, पिळून, दोन टोकांना धरून झटकून धुतली आणि ती वर्षानुवर्षं टिकली, ती त्यामुळे. रेशीम आणि लोकर मात्र पाण्यात दुबळी होतात. ओल्या लोकरीला दोरीवर लटकवलं की ती स्वतःच्या वजनानं लांबते आणि लांबलेलीच राहते. ती बाजेवर किंवा चटईवर आडवी पसरायची. ओलं रेशीम पिळायचं नाही; टॉवेलमध्ये गुंडाळून हलक्या हातानं दाबायचं.

सोवळ्याच्या जुन्या नियमांकडे मी या नजरेनं पुन्हा पाहिलं तेव्हा थक्क झाले. सोवळ्यानं माणसांना माणसांपासून दूर ठेवलं, त्याचं समर्थन करायचं काहीच कारण नाही. पण कापडापुरतं पाहिलं तर सुती सोवळं रोज धुऊन काठीनं उंच वलणीवर वाळत घालावं लागे, आणि रेशमाचा कद, मुकटा किंवा लोकरीची धाबळी मात्र रोज न धुता चाले. सूत घाम पिऊन धरून ठेवतं. लोकरीच्या धाग्यावर बारीक खवले असतात, मळ त्यात सहजासहजी मुरत नाही. वाऱ्यावर टांगली की तिचा वास निघून जातो. रेशमालाही प्रत्येक वेळी पाणी लागत नाही, आणि जितकं कमी लागेल तितकं त्याचं आयुष्य वाढतं. आजही पैठणी नेसून आल्यावर ती तशीच घडी करून कपाटात टाकण्याऐवजी रात्रभर पंख्याखाली मोकळी सोडली, तर अर्धी निगा तिथेच झाली.

धुवायच्या रेशमाची उरलेली निगा रिठ्याची. माझी आई म्हणायची, "केसांना जे चालतं तेच रेशमाला." तिला प्रथिनं ठाऊक नव्हती, पण वाक्य तंतोतंत खरं आहे. रिठा हलवून पाहायचा, आत बी खुळखुळलं की वाळलेला. फोडून काळं टणक बी बाजूला, आणि साल रात्रभर कोमट पाण्यात. सकाळी ती साल बोटांत चुरताना चिकट, मऊ लागते, पाणी मधासारख्या रंगाचं होतं आणि त्याला जरासा आंबूस, रानटी वास येतो. मलमलीतून दोनदा गाळायचं, नाहीतर सालीचे कण कापडात अडकतात. मग त्यात पुन्हा साधं पाणी मिसळायचं आणि घुसळून फेस काढायचा. हा फेस साबणासारखा तोऱ्यात उभा राहत नाही, हाताखाली विरतो. पण तेलकट मळ धरून आणतो आणि धाग्याला खार लावत नाही. रिठ्याचा रंग पांढऱ्या रेशमावर चढू शकतो, तेव्हा आधी आतल्या कोपऱ्यावर थेंब टाकून पाहावा. भंडारा-गडचिरोलीकडचा कोसा, ऐन आणि अर्जुनाची पानं खाऊन वाढलेल्या किड्याचा तो मातकट सोनेरी धागा, या पाण्यातून निघाला की त्याची मूळची खरबरीत झळाळी तशीच राहते.

याउलट डाग काढणाऱ्या बऱ्याच पावडरींमध्ये प्रथिनं पचवणारी विकरं असतात. रक्ताचा, दुधाचा, अंड्याचा डाग त्यांच्यापुढे विरघळतो, कारण हे डाग प्रथिनांचे असतात. रेशीम आणि लोकरही प्रथिनंच आहेत. पावडरीला यातला डाग कोणता आणि कापड कोणतं हे कळत नाही. सुती चादरीला ती खुशाल वापरा. रेशमी ब्लाउजला नको. क्लोरीनचं ब्लीच तर रेशीम-लोकरीच्या जवळपासही नको. पुरेसं कडक असेल तर ते धागा चक्क विरघळवतं.

लोकरीतली माझी सगळ्यात लाडकी गोष्ट घोंगडी. दख्खनच्या मेंढीची लोकर, आणि ताण्याला चिंचोक्यांची खळ. म्हणून नवी घोंगडी अंगाला टोचते, ताठ उभी राहते. वापरता वापरता मऊ होते. अस्सल काळी घोंगडी रंगवलेली नसते, तो मेंढीचाच रंग, त्यामुळे तो पाण्याला सुटत नाही. तिला वर्षाकाठी एखादं गार पाणी आणि भरपूर ऊन, एवढं बस्स. गरम पाण्यात घालून चोळली तर ते खवले एकमेकांत अडकून ती आटते, आणि आटलेली लोकर पुन्हा कधी मूळ मापावर येत नाही.

आता रंगांचं. मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो असं घरोघरी सांगतात. तसं होत नाही. मीठ फार तर त्या वेळेपुरता सुटणारा रंग थोडा रोखतं. कच्चा रंग कच्चाच राहतो. त्याला गार पाणी, वेगळी बादली आणि सावली हाच उपाय. नैसर्गिक निळीचं कापड घासलं की फिकटतं, पण ते फिकट होणंही देखणं असतं. हळदीचा स्वभाव मात्र जाणून घेण्यासारखा. लग्नघरातल्या पांढऱ्या सुती कपड्यावर हळद पडली की आपण घाईनं साबण लावतो आणि डाग लालभडक होतो. घाबरायचं काही नाही, साबणाच्या खारानं हळद लाल होते, खळबळून काढली की पुन्हा पिवळी. मग तेच कापड ओलं असतानाच कडक उन्हात टाकायचं. हळदीला ऊन सोसत नाही. संध्याकाळपर्यंत डाग पुसट होतो, दोन-तीन उन्हांत बहुधा जातोच. पांढऱ्या सुताला सूर्यासारखा परीट नाही, आणि रंगीत रेशमाला त्याच्यासारखा शत्रू नाही.

कापड कशाचं हेच कळत नसेल तर काठाच्या आतून एक सुटा धागा काढून चिमट्यात धरून पेटवावा. सूत कागदासारखं जळतं, मऊ राख उरते. रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो आणि उरलेला काळा मणी बोटानं चुरता येतो. पॉलिएस्टर वितळतं आणि कडक गोळी होते, ती चुरत नाही. रेशमाच्या किमतीत घेतलेल्या कितीतरी साड्यांचं खरं रूप या एका धाग्यात उघडं पडतं.

आणि ठेवणीचं. खळ घातलेली साडी महिनोन् महिने कपाटात ठेवू नये, भाताची पेज कसरीला आपल्याइतकीच आवडते. लोकरीत कडुनिंबाचा वाळलेला पाला किंवा वेखंड ठेवावं. पैठणी तर शक्यतो धुऊच नये. ती जुन्या, अनेकदा धुतलेल्या मऊ धोतरात गुंडाळावी, प्लॅस्टिकच्या पिशवीत कधीही नाही, तिथे ओल कोंडते. डांबरगोळी जरीला लागू देऊ नये. चांदीची कलाबतू हवेनंही काळवंडते, आपण तिला मदत करायची गरज नाही. इस्त्री उलट्या बाजूनं, मध्ये सुती फडकं घालून.

पण पैठणीला सगळ्यात जास्त मारते ती घडी. वर्षानुवर्षं एकाच रेषेवर दुमडलेली जर तिथेच तुटते, मग रेशीम चिरतं, आणि चिरलेलं रेशीम कुठलाही रफूगर पूर्ववत करून देत नाही. नवरात्राच्या आधी घरोघरी गोधड्या-चादरींचं मोठं धुणं निघतंच. त्याच दिवसांत आईची, सासूबाईंची ठेवणीतली पैठणीही बाहेर काढा, सावलीत तासभर वारा लागू द्या, आणि परत ठेवताना जुनी घडी मोडून दुसऱ्या रेषेवर घाला. तिथून पुढे दर तीन-चार महिन्यांनी एवढं केलंत तरी ती तुमच्या नातीपर्यंत पोचेल.