किचिजोजीचे लोकगायक

टोकियो शहराच्या पश्चिमेस, आगगाडीच्या चुओ मार्गावर, किचिजोजी नांवाचा भाग आहे. देवालयें व फुजी पर्वत पाहावयास जपानांत जाणारे प्रवासी येथें क्वचितच उतरतात. आम्ही उतरलों तें एका दिवंगत लोकगायकाची वस्ती पाहावी म्हणून. स्टेशनापासून थोडें चाललें कीं इनोकाशिरा उद्यान लागतें. १९१७ सालीं लोकांस खुल्या झालेल्या या उद्यानांतील तळ्याचें पाणी पूर्वीं एदो शहरास, म्हणजे आजच्या टोकियोस, पिण्यासाठीं नेलेलें होतें. त्याच परिसरांत १९२८ सालीं स्थापन झालेलें 'इसेया' हें साधें मद्यगृह आहे. निखाऱ्यावर भाजल्या जाणाऱ्या मांसाच्या धुरामुळें आमच्यासारख्यानें तेथून लगबगीनें पुढें जावें असेंच तें स्थळ. परंतु ताकादा वातारू यांची ती नित्याची बैठक होती, म्हणून आम्ही क्षणभर थांबलों.

ताकादा यांचा जन्म १ जानेवारी १९४९ रोजीं गिफू प्रांतांत झाला. वडील कवि होते. लहानपणींच आई निवर्तली, आणि वडील मुलांस घेऊन टोकियोस आले. दारिद्र्य पाचवीस पुजलेलें. मुलगा छापखान्यांत खिळे वेचण्याचें काम करी व रात्रशाळेंत शिके. जपानी लिपींत हजारों चित्राक्षरें. त्यांतून नेमकें अक्षर उचलणाऱ्या त्या हातांनीं पुढें गीतांचे शब्दही तसेच नेमके उचलले.

त्यांचें नांव झालें तें १९६९ च्या सुमारास. 'चला, स्वसंरक्षण दलांत भरती होऊं या' अशा अर्थाचें तें गाणें म्हणजे आमच्या अलंकारशास्त्रांतील व्याजस्तुतीचें उत्तम उदाहरण होय. वरून स्तुति, आंतून निंदा. असें सांगतात कीं भोळ्या अधिकाऱ्यांनीं प्रथम तें प्रचारासाठीं मागितलें, आणि मर्म कळल्यावर तें ध्वनिक्षेपणास अयोग्य ठरलें! अशा कीर्तीवर दुसरा कोणी आयुष्य काढता. ताकादा यांनीं मात्र पुढें तें गाणें म्हणण्याचें बहुतेक सोडूनच दिलें.

शब्द व स्वर या दोहोंचा जो कर्ता, त्यास आमचे शास्त्रकार वाग्गेयकार म्हणतात. या कसोटीस ताकादा पुरतेपणीं उतरत नाहींत. त्यांच्या कित्येक चाली अमेरिकेच्या लोकगीतांतील, आणि शब्द कवींचे. १९७१ च्या 'गोआइसात्सु' या ध्वनिमुद्रिकेंतील 'सेइकात्सु नो गारा' हें प्रसिद्ध गीत यामानोकुचि बाकु (१९०३–१९६३) यांचें. हा ओकिनावाचा कवि टोकियोंत बेघर हिंडला आणि उघड्यावर निजला. त्याच निजेचें तें काव्य आहे. असें असतां जपानी श्रोता तें गीत ताकादांचेंच मानतो, हें कसें?

आम्हांस वाटतें, त्याचें कारण त्यांच्या गाण्यांत दैन्याचें प्रदर्शन नाहीं, हें होय. आवाज खालचा, घाई मुळींच नाहीं, गिटारच्या तारा हलक्या हातानें छेडलेल्या. गरिबी ते सांगतात ती शेजाऱ्यानें पावसाची वार्ता सांगावी तशी. स्वतः सोसलेलें असल्यावांचून हा प्रसादगुण साधत नाहीं. उसने शब्द अनुभवानें आपलेसे होतात. कर्तृत्वाचा हाही एक प्रकार आहे.

त्यांच्या मद्यासक्तीची भलावण आम्ही करणार नाहीं. रंगमंचावर गातां गातां त्यांस झोप लागे, आणि लोक शांतपणें वाट पाहात. त्या लोकांचें प्रेम खरें. पण त्या प्रेमानें देह थोडाच राखला! होक्काइदो बेटावर गायनास गेले असतां ते आजारी पडले, आणि कुशिरो येथें १६ एप्रिल २००५ रोजीं, अवघ्या छप्पन्नाव्या वर्षीं, वारले. छायाचित्रांत ते सत्तरीचे दिसतात.

त्यांचे चिरंजीव ताकादा रेन हेही वादक व गायक आहेत. २०१५ सालीं त्यांनीं वडिलांचीं गाणीं स्वतः म्हणून ध्वनिमुद्रिका काढली. आजोबा कवि, बाप गायक, नातू वादक. या घराण्यांत ना शेत वाटणीस आलें, ना वाडा. तीन पिढ्या हातांहातीं आली ती शब्दाची चाड, आणि ती वाटून घेतल्यानें कोणाचाच वांटा कमी झाला नाहीं.