रिपासिंग

गेल्या रविवारी पुण्याहून एक जण माझी गाडी बघायला आला होता. हायवेला त्याचं हॉटेल आहे. गाडीभोवती दोन चकरा मारल्या, मोबाईलवर पंधरा-वीस फोटो काढले आणि सव्वादोन लाख म्हणाला. मी बोनेट उघडायला लागलो, तर हात धरून म्हणाला, "सर, इंजिनचं राहू द्या. आम्हाला गेटजवळ उभी करायचीय. पोरं फोटो काढतात. इंजिन तुम्ही ठेवून घेतलंत तरी चालेल, पैसे तेवढेच देऊ."

तेव्हापासून डोक्यात भुंगा लागलाय.

गाडी म्हणजे १९९१ची प्रीमियर पद्मिनी. १०८९ सीसी, स्टिअरिंगच्या दांडीला गिअर. आमच्या गावातल्या एका डॉक्टरांची होती. ते वारल्यावर चिंचेखाली उभी होती. २०१२ साली मी ती त्यांच्या मुलाकडून २२ हजारांना घेतली तेव्हा मागच्या सीटमध्ये उंदरांनी संसार मांडला होता, आणि ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा इतका गेलेला की खाली माती दिसायची. बायको तेव्हा एकच वाक्य बोलली, "भंगारवाल्याला लोक विकतात, तुम्ही विकत घेताय."

ती चालती व्हायला तीन वर्षं लागली. आधी पत्र्याचं काम, मग इंजिन उतरवून पिस्टन, रिंगा, मग वायरिंग. सुट्टीच्या दिवशी सकाळी एसटीनं पुण्याला जायचं, जुन्या बाजारात फिरायचं आणि दिव्याची एखादी रिंग, दाराचं एखादं हँडल रुमालात बांधून परत यायचं. कार्बोरेटर मुंबईहून, कुर्ल्यातून आणला. आमचे मिस्त्री आता सत्तरीला आलेत, सगळं गाव त्यांना चाचा म्हणतं. त्यांच्याकडे बसून पॉइंट घासायला, टायमिंग लावायला शिकलो. पत्रकारितेचा डिप्लोमा करून जेवढं आलं नाही तेवढं त्या गॅरेजात शिकलो, हे मी गमतीनं म्हणतो. पण एक गोष्ट खरी आहे. आवाज ऐकल्याशिवाय चाचा कधी निदान सांगत नाहीत. मी मात्र बातमी फोनवरून करतो.

२०१५च्या दसऱ्याला गाडी पहिल्यांदा स्वतःच्या पायावर गावाबाहेर गेली. आजवरचा खर्च डायरीत लिहिलाय: ३ लाख १८ हजार. हा आकडा घरात आजच कळतोय.

आता विकायचा प्रश्न का आला? दोन कारणं. पहिलं सरळ आहे. मुलीची इंजिनिअरिंगची अ‍ॅडमिशन झाली, फी आणि हॉस्टेल धरून सुरुवातीलाच मोठा आकडा लागतोय. तालुक्याच्या पत्रकाराचा पगार किती असतो आणि तो जाहिरातीच्या कमिशनवर कसा जगतो, हे आमच्या धंद्यातल्या लोकांना सांगायला नको. बाकीच्यांनी कल्पना करावी.

दुसरं कारण सरकारी आहे, आणि ही पोस्ट खरं तर त्यासाठी लिहितोय.

माझ्या गाडीचं रजिस्ट्रेशन येत्या सप्टेंबरात संपतंय. पहिली १५ वर्षं, मग दर ५ वर्षांनी रिपासिंग. २०२१ला मी केलं तेव्हा नूतनीकरणाची केंद्राची फी ६०० रुपये होती. १ एप्रिल २०२२पासून ती ५ हजार झाली. ऑगस्ट २०२५मध्ये २० वर्षांवरच्या मोटारींसाठी १० हजार. शिवाय राज्याचा पर्यावरण कर वेगळा, इन्शुरन्स वेगळा, आणि नवी नंबरप्लेट: एचएसआरपी, चारचाकीला ७४५ अधिक जीएसटी. त्या प्लेटच्या मुदतवाढीच्या बातम्या मीच किती वेळा लावल्या ते आठवत नाही, आणि माझ्याच गाडीला अजून ती प्लेट नाही. रिपासिंगला उशीर केला तर महिन्याला ५०० दंड.

एक गैरसमज इथंच काढून टाकतो, कारण रोज कुणी ना कुणी विचारतं. महाराष्ट्रात १५ वर्षं झाली म्हणून खासगी गाडी भंगारात घालावीच लागते, असं नाही. तो १० वर्षं डिझेल, १५ वर्षं पेट्रोलचा वाद दिल्ली आणि भोवतालच्या भागाचा. सक्तीनं मोडीत गेल्या त्या १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्या, १ एप्रिल २०२३पासून. आपल्या खासगी गाडीवर बंदी नाही. फक्त फी अशी लावलीय की माणूस आपणहून कंटाळावा.

आता गंमत बघा. २०२१च्या नियमानुसार ५० वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली गाडी 'व्हिंटेज' ठरते. तिची पहिली नोंदणी २० हजार, ती १० वर्षं चालते, आणि नंतरचं नूतनीकरण ५ हजार. म्हणजे पन्नाशी ओलांडलेल्या गाडीच्या नूतनीकरणाला ५ हजार आणि माझ्या पस्तिशीतल्या गाडीला १० हजार. व्हिंटेज गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही, रॅली-प्रदर्शनापुरतीच, हे खरं. पण माझी तरी कुठं रोज निघते? माझी गाडी व्हिंटेज होईल २०४१ला. तेव्हा मी एकसष्ट वर्षांचा असेन. तोवर तिला नियमात नाव नाही. ती जुनी आहे, एवढंच. आणि गाडी पन्नाशीला पोचवायची तर वीस ते पन्नास या तीस वर्षांत ती कुणीतरी सांभाळायला हवी ना? ज्याच्याकडे मोठं शेड, ड्रायव्हर आणि पैसा आहे तो सांभाळेल. चाचांसारखा मिस्त्री आणि माझ्यासारखा हौशी यात बसत नाही.

आता दुसरी बाजू. मी प्रदूषणावर बातम्या केल्यात, त्यामुळे इथं तोंड लपवून चालणार नाही. माझ्या गाडीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही. तो महानगरांतसुद्धा १९९५पासून आला. पीयूसीला ती पास होते, कारण त्या काळच्या गाड्यांना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे. बीएस-४ गाडीला तीच ०.३. म्हणजे मी पास होतो तो परीक्षा सोपी आहे म्हणून. गाडी सुरू करून पाच मिनिटं पोर्चमध्ये ठेवली की आई आतून खिडकी लावून घेते. तिचं नाक पीयूसीच्या मशीनपेक्षा तिखट आहे.

पण ही गाडी वर्षाला जेमतेम हजार किलोमीटर फिरते. शेजारची डिझेल गाडी काही महिन्यांत तेवढं सहज फिरून येते. फी मात्र वयावर. किती धूर सोडला, किती फिरली, याचा त्यात हिशेब नाही. मीटरचं रीडिंग इन्शुरन्सवाला विचारू शकतो, तर आरटीओ का नाही? किलोमीटरची मर्यादा घाला, पीयूसी कडक करा, शहरातल्या गर्दीत नको म्हणा. मी मान्य करीन. दहा हजार भरून वाटेल तेवढा धूर सोडायची परवानगी, यात पर्यावरण कुठं आलं ते मला कळत नाही.

पेट्रोलचं वेगळंच. आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल आहे. जुन्या गाडीचे रबरी पाइप, पंपाचा पडदा, कार्बोरेटरचे वॉशर हे सगळं त्यासाठी बनलेलं नाही. रबर फुगतं, चिरतं. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं, म्हणजे आठ-आठ दिवस उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीला आतून गंज. गेल्या उन्हाळ्यात माझा पंपाचा पडदा गेला तेव्हा मी तावातावानं लेख लिहायला बसलो. दोन परिच्छेद झाले आणि थांबलो. ते इथेनॉल येतं कुठून? आमच्याच तालुक्यातल्या उसातून. कारखान्याला इथेनॉलचे पैसे आले की उसाचं बिल जरा वेळेवर निघतं, आणि बिल निघालं की आमच्या पेपरला दिवाळीच्या जाहिराती येतात. माझा पगार त्यातूनच. लेख तसाच पडून आहे. आणि एक योगायोग सांगतो, ज्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, त्यांनीच वालचंदनगरला साखर कारखानाही उभा केला होता.

पार्टही आता मिळेनासे झालेत. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला ताडदेवला नोंदली गेली होती. २० वर्षांची मर्यादा संपली आणि ऑक्टोबर २०२३मध्ये ती काळी-पिवळी रस्त्यावरून गेली. आम्हीसुद्धा पेपरात अर्धं पान आठवणी छापल्या. त्या पानात एक गोष्ट कुणी लिहिली नाही, मीही नाही. टॅक्सी होत्या तोवर आमच्यासारख्यांना पार्ट मिळायचे. हजारो टॅक्सीवाले रोज काहीतरी बदलायचे, म्हणून कुणीतरी ते बनवायचं. आता गिऱ्हाईक फक्त हौशी, त्यामुळे क्लच प्लेटसुद्धा 'अँटिक' म्हणून विकतात.

तर हॉटेलवाल्याची ऑफर. सव्वादोन लाख, लगेच. आणि गाडी पावसात-उन्हात गेटजवळ, टायरखाली विटा.

दुसरं गिऱ्हाईक चाचांनी आणलं. त्यांचा भाचा. आयटीआयला मोटर मेकॅनिक केलंय, तेवीस-चोवीसचा. या गाडीचं हेड त्यानं चाचांबरोबर दोनदा उघडलंय. तो सव्वा लाख देतो म्हणाला. पन्नास आत्ता, बाकी दहा महिन्यांत. चाचा मध्ये काही बोलले नाहीत. फक्त पंपावर ओलं फडकं टाकत राहिले. उन्हाळ्यात पेट्रोल पाइपातच उकळून गाडी बंद पडते, त्यावरचा हा फियाटवाल्यांचा जुना इलाज.

मी घरी येऊन सगळं बायकोसमोर ठेवलं. म्हणजे एक लाखाचा फरक. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "फी तर भरायचीच आहे. पतसंस्थेचं कर्ज काढू, पण तो लाखाचा हप्ता तुमच्या दिवाळी अंकाच्या मानधनातून जाईल. आणि दुसरं असलं काही दारात आणायचं नाही." मुलीला विचारलं. तिला कॉलेजच्या ग्रुपवर टाकायला गाडीबरोबर एक फोटो हवा होता, तो काढून घेतला आणि म्हणाली, "बाबा, तुम्हीच ठरवा."

परवा पुण्याला फोन करून नाही सांगितलं. तो म्हणाला, "सर, अजून वीस वाढवतो." मी पुन्हा नाही म्हणालो आणि फोन ठेवल्यावर थोडा घाम आला. वीस हजार म्हणजे हॉस्टेलची मेस.

भाच्याच्या नावावर करायची तर आधी रिपासिंग, आणि ते दहा हजार माझ्याच खिशातून, हे व्यवहारात ठरलंय. प्लेट बुक केली. पीयूसी काढली. आरटीओचा कॅम्प आमच्या गावात येत्या गुरुवारी आहे. उजवा इंडिकेटर लागत नाही, तो बुधवारपर्यंत करून द्या म्हणून चाचांकडे गाडी सोडून आलोय. त्यांनी भाच्याला अजून काही सांगितलेलं नाही. म्हणाले, "आधी पास होऊ दे."