‘आम्ही नाही का सोसले?’

मावळात पाऊस धरला की घसरून पडलेले रुग्ण दवाखान्यात रोज येतात. शेवाळलेली पायरी, भातखाचराचा बांध, न्हाणीतली ओली फरशी. घसरणारा माणूस हात टेकतो. म्हणून मनगट, कोपर, गुडघा आणि उतारवयात खुबा दुखावतो. दंडाच्या आतल्या बाजूस उमटलेली बोटे, कानामागचा वळ, थप्पड बसून फाटलेला कानाचा पडदा, या इजा पायरीने होत नाहीत. लोणावळ्याचा पाऊस कितीतरी घरांचा आळ निमूटपणे स्वतःवर घेत असतो.

अशा वेळी सोबत बहुधा सासूबाई असतात. सुनेने तोंड उघडण्यापूर्वीच त्या सांगतात, ‘पाय घसरला हो तिचा.’ मी त्यांना बाहेर बसवते आणि सुनेला एकटीला विचारते. पुढे रक्तदाब तपासायला त्याच सासूबाई येतात तेव्हा विषय निघतो आणि उत्तर ठरलेले असते : ‘आम्ही नाही का सोसले?’ वाचकहो, आपणही हे वाक्य कधी उच्चारले असेल, निदान ऐकले तरी असेलच.

या वाक्यात दुष्टपणा असतो, असे मला वाटत नाही. पवनेच्या काठच्या एका गावातून येणाऱ्या आजींना डाव्या कानाने ऐकू येत नव्हते. पडद्याला जुने छिद्र होते. केव्हापासून, असे विचारल्यावर म्हणाल्या, ‘थोरला पोटात होता तेव्हापासून.’ मग बराच वेळ गप्प राहिल्या. सुनेवर होतो तो अन्याय, असे मान्य केले की स्वतःच्या चाळीस वर्षांनाही तेच नाव द्यावे लागते. सत्तरीत ते सोपे नसते.

हिंसेचे चक्र दुहेरी असते. त्यातले लहान चक्र अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लेनोर वॉकर यांनी 1979 मध्ये मांडले : आधी घरात ताण साचतो, मग मारहाण होते, मग पश्चात्तापाचे गोड दिवस येतात. आपल्याकडे त्या दिवसांत साडी येते, कार्ल्याला एकवीरेच्या दर्शनाला जाणे होते, आणि घरातील थोरांना वाटते, मिटले. प्रत्येक घरी हा क्रम असाच चालतो असे नाही. काही ठिकाणी गोड दिवस येतच नाहीत. दारूचे कारण तर नेहमीचे. परंतु दारू प्यालेला माणूस सरपंचावर हात टाकत नाही, घरी येऊन बायकोवरच टाकतो. एवढे भान त्याला असते.

मोठे चक्र पिढ्यांचे. आईला मार खाताना पाहिलेल्या मुलींच्या वाट्याला पुढे सासरी मारहाण येण्याचे प्रमाण अधिक असते, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसते. 2019-21 च्या त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातील 18 ते 49 वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी 25.2 टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा झाल्याचे सांगितले. अर्थात प्रत्येक मुलगा बापासारखा होतो असे मुळीच नाही. पण नातवाचे पोट वारंवार दुखते, सुटलेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होते, आणि तपासणीत काही सापडत नाही, तेव्हा रात्री घरात काय चालते हे विचारावेच लागते. कधी हेच चक्र फिरून म्हाताऱ्या आईवर येते : पेन्शन हिसकावणे, औषध न देणे, ढकलणे.

त्या आजी पुढच्या खेपेस सुनेला घेऊन आल्या आणि दारातच म्हणाल्या, ‘ही पडलेली नाही. माझ्या मुलाने मारले आहे. तसेच लिहा.’ मी तसेच लिहिले. मुलगा लगेच सुधारला असे सांगता येणार नाही; मात्र आई आपल्या बाजूची आहे हे त्याने आजवर गृहीत धरले होते, ते सुटले.

आपण मध्ये पडून मार खावा, असे मी सुचवत नाही. मारहाण चालू असताना मुलांना घेऊन शेजारी जा आणि 112 ला फोन करा. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यानुसार संरक्षण अधिकाऱ्याला माहिती कोणीही देऊ शकते, सासूसुद्धा. प्रामाणिकपणे दिलेल्या माहितीबद्दल तिच्यावर जबाबदारी येत नाही. सुनेला त्या घरात राहण्याचा हक्क आहे, घर कोणाच्याही नावावर असो. स्त्रियांसाठी 181 आणि ज्येष्ठांसाठी 14567 हे क्रमांक आहेत. फोनशेजारच्या कॅलेंडरवर नुसते आकडे लिहून ठेवले तरी चालेल.

एक गोष्ट मात्र दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. गळा दाबला असेल, तर बाहेर खूण नसली तरी त्याच दिवशी रुग्णालयात न्या. आवाज बसणे, गिळताना दुखणे, डोळ्यांत लाल ठिपके दिसणे ही धोक्याची लक्षणे आहेत, आणि ज्या घरात गळ्यापर्यंत हात गेला तेथे पुढे जिवाला धोका फार वाढतो. इतर वळ साधारण दोन आठवड्यांत पुसट होतात. म्हणून केसपेपरवरील नोंद ते दिसत असतानाच करून घ्यावी.