कल्पनेंतील संघ

निवड करणें हें मनुष्याच्या वांट्यास नित्य येणारें, परंतु कठीण असें काम आहे. बाजारांतून आणलेलें वांगें किडकें निघालें तर एका वेळच्या जेवणाची गोडी जाते. माणसाची पारख चुकली तर वर्षाचें काम बिघडतें. शिक्षकाच्या व्यवसायांत तर हें काम रोजचेंच. वर्गनायक कोणास करावें, वक्तृत्वस्पर्धेस कोणास पाठवावें, शाळेच्या संघांत कोणास घ्यावें, हे प्रश्न आम्हांस जून महिन्यापासून घेरून बसतात. म्हणून ज्या खेळांत निवड हाच सारा खेळ आहे, त्याविषयीं या वार्षिकांत चार शब्द लिहावे असें मनांत आलें.

या खेळास फॅन्टसी फुटबॉल म्हणतात. आपण त्यास कल्पनेंतील फुटबॉल म्हणूं. यांत आपण चेंडूला पाय लावावयाचा नसतो. खऱ्या खेळाडूंतून आपल्या पसंतीचा संघ कागदावर मांडावयाचा, आणि ते खेळाडू खऱ्या सामन्यांत जसे खेळतील तसे गुण आपल्या पदरीं पडावयाचे. अमेरिकेंत १९८० सालीं डॅनियल ओक्रेंट व त्याचे मित्र यांनीं बेसबॉलकरितां असा खेळ मांडिला. पुढें इटलींत रिकार्दो अल्बिनी या पत्रकारानें १९९० च्या सुमारास फुटबॉलकरितां ‘फांताकाल्चो’ काढिला, आणि इंग्लंडांत १९९१ सालीं अँड्र्यू वेनस्टीन यानें या खेळाचा पाया घातला.

२०२४ च्या जून-जुलै महिन्यांत जर्मनींत यूरोपीय राष्ट्रांची अजिंक्यपदाची स्पर्धा भरली. राष्ट्रें २४ आणि सामने ५१. म्यूनिक येथें १४ जूनच्या रात्रीं पहिला सामना सुरू झाला, तेव्हां आपल्याकडे मध्यरात्र उलटून १५ जूनचे साडेबारा वाजले होते. म्हणजे तिकडे स्पर्धेचा आणि इकडे शाळेच्या नव्या वर्षाचा आरंभ एकाच सुमारास झाला. त्या आधींच्या आठवड्यांत वह्या-पुस्तकें नेण्यास आलेलीं आठवी-नववीचीं कांहीं मुलें मजकडे येऊन म्हणालीं, “सर, आम्ही संघ मांडतों आहों. तुम्हीही एक मांडा ना.” शाळेंत मोबाइल आणण्यास मनाई आहे. यास्तव खेळाडूंच्या किमती व गुणांचे नियम मूळ खेळांतील ठेवून आम्हीं आपापले संघ वहींत लिहिले.

नियम असे. प्रत्येकास १० कोटि युरो कल्पनेनें मिळतात. तेवढ्यांत १५ खेळाडू घ्यावयाचे: २ गोलरक्षक, ५ बचावाचे, ५ मधल्या फळीचे व ३ आघाडीचे. पहिल्या फेरींत एका राष्ट्राचे ३ हून अधिक घेतां येत नाहींत. आघाडीच्या खेळाडूनें गोल केला तर ४ गुण, मधल्या फळींतल्यानें केला तर ५, बचावाच्या खेळाडूनें केला तर ६. पिवळ्या कार्डास एक गुण वजा, तांबड्यास तीन. ज्यास आपण कप्तान नेमूं त्याचे गुण दुप्पट.

दहा कोटि ही रक्कम ऐकावयास मोठी वाटते. पंधरांनीं भागून पाहिली म्हणजे प्रत्येकाच्या वांट्यास ६६ लाखांहून थोडेंच अधिक येतें. एक-एक कोटीचे तिघे नामांकित घेतले तर उरलेल्या बारांस सरासरीनें ५८ लाखांवर भागवावें लागतें. हें गणित कोणत्याही गृहिणीस समजावून सांगावयास नको. पाहुण्यांस बासुंदी वाढली कीं महिनाअखेर पिठलें-भाकरीवर काढावी लागते, हें तिला ठाऊक असतें.

आमच्या खेळांत खऱ्या पैशाचा संबंध नव्हता, हेंही येथें स्पष्ट केलें पाहिजे. खरे पैसे लावून हाच खेळ खेळण्याचें वेड आपल्या देशांत फार फैलावलें होतें. २०२५ च्या ऑगस्टांत संसदेनें अशा पैशाच्या ऑनलाइन खेळांस बंदी करणारा कायदा केला. पैसा लागला म्हणजे पारख मागें पडते आणि हांव पुढें येते. मुलांनीं ही मर्यादा कधींही ओलांडूं नये.

बहुतेकांच्या वह्यांत एम्बापे, रोनाल्डो व केन हीं नांवें होतीं. माझ्याही वहींत त्यांतलीं दोन होतीं. एका मुलाची वही मात्र निराळी होती. हा नववींतला मुलगा दम्याच्या विकारामुळें मैदानावर फारसा उतरत नाहीं. त्यानें आघाडीस जॉर्जियाचा मिकाऊताद्झे घेतला होता. त्या राष्ट्राची ही पहिलीच मोठी स्पर्धा. कारण विचारतां तो म्हणाला, “सर, मोठ्या खेळाडूंचें नांव त्यांच्या किमतींत आधींच धरलेलें असतें. हा फ्रान्समध्यें मेत्झच्या संघांत खेळतो. तो संघ यंदा खालच्या वर्गांत उतरला, पण यानें गोल करणें सोडलें नाहीं. हरणाऱ्या संघांत जो गोल करतो, त्याची किंमत अजून कोणी नीट लावलेली नाहीं.”

पुढें काय झालें तें सर्वांस ठाऊक आहे. एम्बापेचें नाक पहिल्याच सामन्यांत मोडलें, आणि साऱ्या स्पर्धेंत त्याचा एकच गोल झाला, तोही पेनल्टीवर. रोनाल्डोनें पांच सामन्यांत एकही गोल केला नाहीं. जॉर्जियानें २६ जून रोजीं पोर्तुगालसारख्या संघास २–० असें हरविलें. स्पर्धेंत सर्वांत अधिक म्हणजे ३ गोल सहा जणांचे झाले. त्यांत केन होता, तसाच मिकाऊताद्झे होता आणि स्लोव्हाकियाचा श्रान्झही होता.

तथापि मला अधिक विचार करावयास लाविलें तें अंतिम सामन्यानें. त्या सहांतला एक स्पेनचा ओल्मो. हा आरंभीं पहिल्या अकरांतही नव्हता; जर्मनीविरुद्ध पेद्री जखमी झाला म्हणून लवकर मैदानांत आला आणि पुढें संघाचा आधार झाला. १४ जुलै रोजीं बर्लिन येथें इंग्लंडविरुद्ध स्पेन २–१ असा पुढें होता. नव्वदाव्या मिनिटास इंग्लंडचा चेंडू जाळ्यांत शिरणार, तोंच ओल्मोनें रेषेवर उभें राहून तो डोक्यानें परतविला. स्पेनचें अजिंक्यपद त्या क्षणीं त्यानें राखलें. दुसऱ्या दिवशीं आम्ही गुण मांडावयास बसलों. गुणांच्या कोष्टकांत अशा कामास रकानाच नव्हता. त्या नववींतल्या मुलानें वहींत स्वतःच्या हातानें एक नवा रकाना आंखला आणि त्यावर लिहिलें, “रेषेवर वांचविलें.”

गेल्या वर्षीं शाळेचा संघ निवडतांना मीं त्या मुलास जवळ बसविलें. त्याच्या वहींत आतां असे चार-पांच रकाने झाले आहेत: चेंडू गेल्यावर मागें धांवत कोण येतो, पडलेल्यास हात कोण देतो, हरत असतां आवाज कोणाचा निघतो. त्याच्या सांगण्यावरून बचावास आठवींतला एक अबोल मुलगा घेतला. त्यानें एकही गोल केला नाहीं; परंतु तो असतां आमच्या गोलरक्षकास पुष्कळ स्वस्थता मिळाली, एवढें मीं स्वतः पाहिलें.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या प्रगतिपुस्तकांतही विषयांचे रकाने संपल्यावर खालीं ‘शेरा’ म्हणून एक ओळ असते. आम्ही शिक्षक बाकीचे आंकडे घाईनेंही भरूं शकतों, कारण ते उत्तरपत्रिकेवर आयतेच असतात. ती ओळ मात्र मी आतां सर्वांत शेवटीं, सवडीनें भरतों. ज्यास कोठेंच रकाना नाहीं, तें तुमचें काम लिहावयास आमच्याजवळ तेवढीच जागा असते. आणि तें काम दिसावें म्हणून आम्हां शिक्षकांस वर्षभर डोळे उघडे ठेवून तुमच्याकडे पाहावें लागतें.