छोट्या होड्यांचे द्वैमासिक

एखादे वर्तमानपत्र बंद पडले की त्याची बातमी होते. वाङ्मयीन मासिक बंद पडले की चार मान्यवर हळहळतात, एखादा परिसंवादही भरतो. परंतु छंदाला वाहिलेली जी लहान नियतकालिके असतात, कुणी टपालाच्या तिकिटांची, कुणी मधमाश्यांची, कुणी होड्यांची, ती निघून जातात तेव्हा कुठेही घंटा वाजत नाही. पुढच्या महिन्यात पोस्टमन दारावरून सरळ पुढे जातो, एवढेच.

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, वॉशिंग्टन राज्यात, पोर्ट टाउनसेंड नावाचे एक जुने लहानसे बंदर आहे. लाकडी होड्यांवर जीव टाकणारी माणसे तेथे वसलेली आहेत. १९७७ सालापासून दर सप्टेंबरात तेथे लाकडी होड्यांची जत्रा भरते. याच गावातून २००० साली ‘स्मॉल क्राफ्ट अ‍ॅडव्हायझर’ हे द्वैमासिक निघू लागले. जॉशुआ कॉल्विन आणि क्रेग वॅग्नर या दोन मित्रांनी ते सुरू केले. श्रीमंतांच्या आलिशान नौकांची चकचकीत मासिके त्या देशात पुष्कळ होती. या दोघांनी मात्र एका माणसाला किंवा फार तर एका लहान कुटुंबाला पुरेल, मोटारीमागे बांधून नेता येईल, घराच्या अंगणात ठोकून तयार करता येईल, अशाच होड्यांविषयी लिहायचे व्रत घेतले आणि ते वीसहून अधिक वर्षे चालवले. २०२२ साल संपून २०२३ उजाडत असताना छापील अंक थांबला. त्याचा संसार तेव्हापासून संगणकाच्या पडद्यावर हलला आहे.

वसईच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षकाला या सगळ्याचे काय, असे वाचक विचारतील. माझा एक भाचा नोकरीनिमित्त त्या प्रदेशात आहे. मामाचे आजोळ कोळ्यांचे, मामाला होड्यांचे वेड, हे त्याला ठाऊक. स्वतः वाचून झालेले अंक तो सुट्टीवर येणाऱ्या कुणाच्या तरी सामानात घालून देई. चॉकलेटांच्या डब्याखाली दडपून आलेले ते अंक मी आधी काढून घेई आणि डबा मग घरात जाई. इंग्रजीतले नौकानयनाचे कितीतरी शब्द मला प्रथम अडले. शब्दकोशातही नीट सापडले नाहीत. पण चित्र पाहिले की उलगडा होई, कारण नाळ ही जगाच्या पाठीवर कुठेही नाळच असते आणि सुकाणू हे सुकाणूच.

त्या अंकांत काय असे? एखाद्या होडीचे परीक्षण: वाऱ्यात ती कशी वागते, उलटली तर एकट्याने सरळ करता येते काय, तळाशी साचलेले पाणी कसे काढायचे. कुणी आपल्या दहा-बारा फुटी होडीतून चार दिवस बेटांमधून भटकून आलेला असे. त्याचा वृत्तान्त, त्यात पावसाने भिजलेल्या पावाचाही उल्लेख. बराचसा मजकूर वाचकच लिहीत. लिहिणारे व्यावसायिक लेखक नव्हते आणि तसा आवही आणत नसत. आपल्या मराठी ख्रिस्ती नियतकालिकांचा संसार ज्यांनी जवळून पाहिला आहे त्यांना हे चित्र परके वाटणार नाही. येथेही लेखक आणि वाचक हे बहुधा एकाच बाकावर बसलेले असतात.

या द्वैमासिकाने एक गोष्ट अशी केली की जी मोठमोठ्या मासिकांनाही सुचत नाही. त्याने स्वतःची एक होडी करवून घेतली. न्यूझीलंडचे नौकारचनाकार जॉन वेल्सफर्ड यांनी मासिकासाठी तिचा आराखडा आखला. लांबी अकरा फूट अकरा इंच. बारा फुटांना एक इंच कमी, म्हणजे आपल्या घरातल्या दोन खाटा टोकाला टोक लावून ठेवल्या तर जेवढ्या भरतील तेवढी. तिचे नाव ‘स्कॅम्प’; इंग्रजीत त्याचा अर्थ खट्याळ पोर, आणि मासिकाच्या नावाची आद्याक्षरेही त्यात गुंफलेली. नाळ टोकदार नाही, आडवी कापल्यासारखी. एकच चौकोनी धाटणीचे शीड. तळाशी पाणी भरून घेण्याची सोय, जेणेकरून होडीला वजन येते आणि ती कलंडली तरी उठते. पुढच्या बाजूला बुटके छत, पावसात त्याखाली बसता येते. दिसायला ती मुळीच देखणी नाही. पण निरनिराळ्या देशांत लोकांनी आपापल्या पडवीत ती बांधली. मासिक छापायचे थांबले, तरी त्याने पाण्यात सोडलेली ही पोरे अजून तरंगत आहेत.

छापखान्यातून होडी निघाल्याचे हे काही पहिलेच उदाहरण नव्हे. १९६३ साली इंग्लंडमध्ये ‘डेली मिरर’ या वर्तमानपत्राने सामान्य कामगाराला परवडेल अशी ‘मिरर’ होडी बाजारात आणली. लांबी दहा फूट दहा इंच, शीड वर्तमानपत्राच्या मथळ्यासारखे लालभडक, आणि सुट्या भागांच्या पेटीची किंमत त्रेसष्ट पौंड अकरा शिलिंग. सत्तर हजारांच्या वर ‘मिरर’ होड्या पुढे बांधल्या गेल्या. तिची युक्ती अशी की प्लायवूडचे तुकडे कापायचे, कडांना भोके पाडायची, तांब्याच्या तारेने ते एकमेकांना टाके घालून जोडायचे आणि सांध्यांवर काचतंतूची पट्टी राळेने चिकटवायची. ज्याच्या हातात कधी रंधा आला नाही असा कारकूनदेखील शिवणकामासारखी होडी तयार करू शके.

हे मी प्रथम वाचले तेव्हा मला हसू आले. कारण टाके घालून होडी जोडणे ही काही इंग्लंडच्या कारकुनाची विद्या नव्हे! गोव्याच्या आणि कोकणच्या किनाऱ्यावर फळ्यांना भोके पाडून काथ्याच्या दोरीने होड्या शिवत आले आहेत. खिळा नाही, तार नाही. हिंदी महासागराच्या काठाने फिरलेल्या प्राचीन प्रवाशांनी या शिवलेल्या गलबतांची नोंद केलेली आहे. मार्को पोलोने ती होर्मुझला पाहिली आणि त्याला ती फारशी भरवशाची वाटली नाहीत. पण दर्यावर्दी त्यांतूनच व्यापार करीत राहिले. अगदी अलीकडे, २०२५ च्या मे महिन्यात, भारतीय नौदलाने ‘कौंडिण्य’ हे शिवलेले जहाज कारवारला आपल्या ताफ्यात घेतले. गोव्यात दिवाडी येथे ते बांधले आणि त्याचा आकार अजिंठ्याच्या एका चित्रावरून घेतला. म्हणजे जहाज बांधायचे तर आराखडा मिळाला तो भिंतीवरच्या चित्रात. लिहून ठेवलेला कागद नव्हताच.

येथेच माझ्या मनाला ती गोष्ट टोचू लागली. पण तिच्याकडे येण्यापूर्वी आणखी एका होडीविषयी सांगितले पाहिजे, कारण आपल्या वाचकांना ती सर्वांत जवळची.

१९८६ साली दुष्काळामुळे गालील सरोवराचे पाणी खूप खाली गेले आणि गिनोसारजवळच्या चिखलात दोघा भावांना एक लाकडी होडी सापडली. ती सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची ठरली. पेत्र, आंद्रेया आणि जब्दीचे पुत्र ज्या प्रकारच्या होडीतून मासे धरीत असतील त्या प्रकारची. लांबी आठ मीटरच्या थोडी वर, रुंदी अडीच मीटरच्या आत. तज्ज्ञांनी तिचे लाकूड तपासले तेव्हा त्यात दहाहून अधिक जातींच्या झाडांचे तुकडे निघाले. कुणातरी गरीब कोळ्याने मिळेल ते लाकूड लावून, जुन्या होडीच्या फळ्या काढून नव्या होडीला जोडून, पुन्हा पुन्हा तिची डागडुजी केली होती. ज्या होडीच्या मागच्या भागात प्रभू येशू वादळातही उशी घेऊन निजला होता ती अशीच ठिगळे लावलेली असणार, हा विचार मनात आला की शुभवर्तमानातील तो उतारा निराळाच ऐकू येतो. ख्रिस्तमंदिराच्या ज्या मधल्या भागात आपण मिस्सेला बसतो त्याला युरोपीय भाषांत नौकेवरून आलेले नाव आहे. आपण कल्पनेत ती नौका सोनेरी करून टाकतो, एवढेच. असो.

नियतकालिक छापणे का परवडेनासे होते, हे आपल्या संपादक मंडळाला मी सांगण्याची गरज नाही. कागद, छपाई, टपाल. करोनाच्या साथीनंतर कागदाची टंचाई जगभर जाणवली आणि भाव चढले. पाण्याशी खेळणाऱ्यांची नियतकालिके त्याआधीही मिटतच होती. समुद्रात कयाक वल्हवणाऱ्यांसाठी १९८४ साली सुरू झालेले ‘सी कयाकर’ तीस वर्षे चालून २०१४ मध्ये बंद झाले. ‘स्मॉल क्राफ्ट अ‍ॅडव्हायझर’चे नशीब त्या मानाने बरे, ते पडद्यावर तरी जगले. भाच्याने मला त्याचा दुवा पाठवला आहे आणि मी तो अधूनमधून उघडतो. मजकूर पूर्वीसारखाच प्रामाणिक आहे. परंतु पडद्यावरचा लेख वाचताना मी एकटा असतो, आणि अंक मात्र घरात पडलेला असे. तो शेजाऱ्याच्या पोराने उचलावा, पाने उलटावी, ‘मास्तर, ही होडी एवढी आखूड कशी?’ म्हणून विचारावे. विजेचे उपकरण असे बेवारशासारखे कुणी ओट्यावर टाकत नाही.

आता ती टोचणारी गोष्ट. त्या द्वैमासिकाची छपाई थांबली म्हणून मी हळहळलो खरा. पण त्याच्या जुन्या अंकांची चळत माझ्या कपाटात आहे, तशी ती हजारो घरांत असेल. कुणाला उद्या त्या पद्धतीने होडी बांधायची झाली तर मापे आहेत, चित्रे आहेत, चुका कुठे होतात त्याच्या सूचना आहेत. आमच्या किनाऱ्यावर यांपैकी काय आहे? पोर्तुगीज अमलात, म्हणजे १५३४ ते १७३९ या काळात, वसई गलबतांच्या बांधणीसाठी नावाजलेली होती. त्यानंतरही पिढ्यानपिढ्या येथे होड्या बांधल्या गेल्या. त्यांना संतांची नावे दिली गेली, धर्मगुरूंनी त्यांच्यावर आशीर्वादाचे पाणी शिंपडले, आणि पावसाळा संपला की त्या दर्यात लोटल्या गेल्या. या एवढ्या बांधणीतून एकही कागद माझ्या हाती आलेला नाही. सुताराने जमिनीवर पठाण मांडला, त्यावर डोळ्याच्या अंदाजाने बाक दिला, फटींत कापूस ठोकला, वरून तेल चोपडले. सारे हातात आणि नजरेत. लाकूड महागले, काचतंतूच्या होड्या आल्या, सुतारांची मुले कार्यालयांत आणि आखातात गेली. आमचे मासिक बंद पडले म्हणावे तर त्याचा पहिला अंकसुद्धा कधी निघाला नव्हता.

गावात एक वृद्ध सुतार आहेत. वयाची ऐंशी उलटलेली, रविवारच्या पहिल्या मिस्सेला काठी टेकीत येतात. ‘स्कॅम्प’ची चित्रे असलेला अंक घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. चष्मा पुसून त्यांनी पाने बराच वेळ पाहिली. इंग्रजी त्यांना येत नाही. त्याची त्यांना अडचणही वाटली नाही. आडव्या कापलेल्या नाळेवर बोट ठेवून ते म्हणाले, “मास्तर, ही लाटेला तोंड देणार नाही, लाटेवर चढणार. खाडीत बरी. बाहेर दर्यात नेऊ नका.” परीक्षकांनी दोन पाने लिहून जे सांगितले होते त्यातले निम्मे त्यांनी दोन वाक्यांत सांगून टाकले. निम्मेच म्हणतो, कारण या होडीने मोठे समुद्रही पाहिले आहेत असे मी म्हणालो, तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली.

“काका, तुम्ही होडीचे माप कसे धरायचे?” मी विचारले.

“माप फूटपट्टीला. होडी डोळ्यानं होते.”

तेव्हापासून मी शाळेच्या वहीत लिहून घेतो आहे. दर आठवड्याला एखादा तास. ते थकले की उठायचे. कोणते लाकूड कोणत्या महिन्यात तोडायचे, फळीला बाक देण्यासाठी ती कशी तापवायची, पहिला खिळा ठोकण्यापूर्वी काय प्रार्थना करायची. त्यांच्या बोलीतील शब्द जसेच्या तसे, शुद्ध न करता. त्यांचा नातू काचतंतूच्या कारखान्यात कामाला आहे. त्याने फोनवर दोन-तीन चित्रे काढून दिली, आणि ‘स्कॅम्प’चा अंक वाचायला म्हणून नेला तो अद्याप परत आलेला नाही. मीही मागितलेला नाही.

वही अकराव्या पानावर आली आहे. गेल्या खेपेस डोलकाठीच्या बुडाशी, ती जिथे रोवली जाते तिथे, जो जाड लाकडी ठोकळा बसवतात त्याचे नाव मी विचारले. ते बराच वेळ आठवत राहिले. हाताने त्याचा आकार दाखवला, खाच कशी पाडायची ते दाखवले, कुठल्या बाजूने ठोकायचा तेही. नाव थोरल्या भावाला पक्के ठाऊक होते, म्हणाले. थोरला भाऊ २०११ साली वारला.