डब्यांतील शक्ति

औषधांच्या दुकानांत शक्तिवर्धक भुकट्यांचे डबे रांगेनें मांडलेले असतात. म्हातारपणीं वाळणारे हातपाय पुन्हां भरून येतील, असें त्यांवरील चित्रें सुचवितात. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं असा एखादा डबा असेल. म्हणून त्यांत काय असतें व त्यानें काय साधतें, याचा विचार आम्हांस अगत्याचा वाटतो.

वयोमानानें होणाऱ्या स्नायूंच्या या क्षयास अर्विन रोझेनबर्ग या अमेरिकन वैद्यांनीं १९८९ सालीं 'सार्कोपेनिया' असें नांव दिलें. डब्यांत बहुधा दुधाच्या निवळीचें प्रथिन असतें. पनीर करतांना उरलेल्या ज्या पाण्यांत आमची आई कणीक भिजविते, त्यांतलेंच! प्रथिन हें स्नायूंच्या बांधणीचें साहित्य होय, आणि वृद्धांस तें तरुणांहून अधिक, म्हणजे वजनाच्या दर किलोमागें दररोज १ ते १.२ ग्रॅम लागतें, असें तज्ज्ञ मानतात. चहाबिस्किटांवर दिवस काढणाऱ्या माणसास तें मिळत नाहीं, हें उघड आहे.

परंतु विटा आणून टाकिल्या म्हणजे भिंत उभी राहते काय? अमेरिकेंत बोस्टन येथील एका शुश्रूषागृहांत शंभर अशक्त वृद्धांवर केलेला प्रयोग १९९४ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांचें सरासरी वय ८७ होतें. दहा आठवडे कांहींस वजनें लावून पायांचा व्यायाम दिला, कांहींस पौष्टिक पेय, कांहींस दोन्ही, व उरलेल्यांस यांपैकीं एकही नाहीं. व्यायाम करणाऱ्यांचें बळ दुपटीहून अधिक झालें. नुसतें पेय घेणाऱ्यांची अशक्तता होती तशीच राहिली.

गेल्या पावसाळ्यांत आमचे आजोबा खुब्याचें हाड मोडून दीड महिना अंथरुणास खिळले. हाड सांधलें; पण मांड्या अशा वाळल्या कीं खुर्चीवरून उठतांना दुसऱ्याचा हात लागूं लागला. आप्तांनीं प्रेमानें तीन डबे आणिले. मूत्रपिंडें अधू असणारास अधिक प्रथिन बाधूं शकतें, म्हणून डॉक्टरांनीं आधीं रक्त तपासलें. मग एक डबा ठेवण्यास अनुमति दिली, दोन वेळां दूध व एक अंडें सांगितलें, आणि खुर्चीचा आधार घेऊन उठाबशा काढावयास लाविल्या. पहिल्या दिवशीं तीनच झाल्या, व तेवढ्यानेंही आजोबांच्या डोळ्यांस पाणी आलें. तीस वर्षें शिक्षकाचें काम केलेल्या या गृहस्थांनीं किती मुलांस ही शिक्षा दिली असेल! आतां बारा होतात. त्या मोजण्याचें काम आमच्या धाकट्या भावाकडे आहे, आणि तो एकही सोडीत नाहीं.