कळव्याचा भात आणि आपली कंबर

ठाण्याहून धीम्या लोकलने निघालं, की खाडी ओलांडल्यावर येतं ते कळवा. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला पारसिकचा डोंगर आणि मधे इमारतींची दाटी. पण कळवा, खारेगाव, विटावा ही मूळची आगरी-कोळ्यांची गावं. भातशेती आणि मासेमारी हा जुना व्यवसाय. जेवणात तांदळाची भाकरी, भात आणि मासळीचं कालवण.

म्हणजे भात इथे काही काल आलेला नाही. मग वजनाची आणि मधुमेहाची ओरड आताच का? भगिनींनो, दिवसभर चिखलात वाकून लावणी करणारी बाई तो भात जिरवत असे. तांदूळही हातसडीचा, थोडा कोंडा अंगावर राखलेला. आता शेतं गेली, तांदूळ गिरणीतून पांढराशुभ्र होऊन येतो. भाताचा ढीग मात्र तेवढाच!

भात असो, पोळी असो, नाहीतर साबुदाणा. त्यातल्या पिष्टाची पोटात साखरच होते आणि ती रक्तात उतरते. इन्सुलिन तिला पेशींत पोचवतं. रोजच गरजेपेक्षा जास्त खाल्लं, की अंगावर चरबी चढते. इथे उपयोगी पडतो चोथा. तो स्वतः फारसा पचत नाही, पण पाणी धरून फुगतो, पोट भरल्यासारखं वाटतं आणि साखर रक्तात सावकाश उतरते.

आता पिशवी घेऊन बाजारात शिरा. 100 ग्रॅम पांढऱ्या तांदळात चोथा जेमतेम 3 ग्रॅम. ज्वारीत सुमारे 10, तर बाजरी, नाचणी आणि न चाळलेल्या गव्हाच्या पिठात 11च्या आसपास. मैदा तांदळाच्याच पंगतीतला. म्हणून पीठ चाळून कोंडा फेकू नका. पावसाळ्यात ठाण्याच्या बाजूला आदिवासी बायका टाकळा, कुरडू अशा रानभाज्या विकायला आणतात, त्या जरूर घ्या. मेथी, शेवग्याच्या शेंगा, मोड आलेली कडधान्यं आणि पेरू तर नेहमीचेच.

“मी कुठे लठ्ठ आहे?” असं म्हणून पान उलटू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी 2004 साली स्वतःचा आणि एका इंग्रज डॉक्टरांचा फोटो ‘लॅन्सेट’मध्ये छापला. उंचीच्या मानाने दोघांचं वजन सारखंच. पण शरीरातली चरबी इंग्रजाची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2! वरून सडपातळ दिसणाऱ्या आपल्या माणसांतही चरबी अशी लपलेली असते.

भात सोडायची गरज नाही. ताटात आधी भाजी, कोशिंबीर आणि आमटी वाढा. भात शेवटी, एक मूद. चोथा हळूहळू वाढवा आणि पाणी भरपूर प्या, नाहीतर पोट फुगेल. मधुमेहाची गोळी किंवा इंजेक्शन चालू असेल, तर डॉक्टरांना विचारूनच भात-भाकरी कमी करा.

आणि एक घरातलीच गोष्ट. सगळ्यांचं झाल्यावर आपण जेवायला बसतो, तेव्हा भाजी संपलेली असते आणि भात उरलेला. “टाकायचा कशाला?” म्हणून तोच आपल्या पोटात जातो. उद्यापासून वाढायला घेण्याआधी आपल्या वाट्याची भाजी वाटीत काढून झाकून ठेवा. त्यात कसला आलाय स्वार्थ!